पुसणीस आणि तांबडा ठिपका

सदर कर्मचारी हा संस्थेच्या लोकदर्शन विभागात प्रतिमा-संस्करण साहाय्यक या पदावर कायमस्वरूपी रुजू असून, अवकाश दुर्बिणीकडून प्राप्त होणाऱ्या प्रतिमा सर्वसामान्य जनतेच्या अवलोकनार्थ योग्य स्वरूपात सादर करणे, त्यांतील यांत्रिक दोषांचे निर्मूलन करणे व तत्सम अनुषंगिक कामे पार पाडणे ही त्याची कर्तव्ये होत. प्रतिमेत कोणत्याही खगोलीय वस्तूची भर घालणे, ती वगळणे अथवा तिची जागा बदलणे याचा अधिकार सदर कर्मचाऱ्यास नाही. उंची मध्यम. बांधा सडपातळ. दृष्टी चष्म्यासह उत्तम. वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण: निरंक.

खूण आहे. खुर्चीत बसल्यावर त्यांचा उजवा पाय थांबत नाही.

पाय हलतो म्हणून टेबल हलतं, टेबल हलतं म्हणून कप हलतो. शेजारच्या टेबलावरची बाई आपला कप उचलून हातात धरते आणि बोलत काही नाही, कारण जे बोलायचं ते पहिल्या वर्षीच बोलून झालेलं आहे. ऑफिसात त्यांना पुसणीस म्हणतात. चिटणीस चिठ्ठ्याचपाट्या बघतो, फडणीस फड बघतो, तसे हे पुसतात. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही. खुद्द पुसणीसांना ते इतकं अंगवळणी पडलंय की एखादे वेळी फोन उचलून तेच सांगून मोकळे होतात.

पुसतात काय, तर आकाश.

लोकांची समजूत अशी असते की दुर्बीण वर गेली, तिने फोटो काढले आणि लग्नाचे येतात तसे ते रंगीत, चकचकीत होऊन खाली आले. लग्नाचेसुद्धा तसे येत नाहीत, हे पुसणीसांइतकं कुणाला ठाऊक नसेल. त्यांची उमेदीची सगळी वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेली. खोलीला खिडकी नव्हती, दिवा होता, भिंग होतं आणि झिरो नंबरचा ब्रश होता. त्या ब्रशाने फोटोवरचे धुळीचे ठिपके भरून काढायचे, मुरमं घालवायची, मामांच्या शर्टावर सांडलेली आमटी नाहीशी करायची. स्टुडिओचे मालक कमी बोलत आणि जे बोलत ते पाठीमागे उभं राहून. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पुसणीसांनी एका नवरीच्या गालावरचा तीळ साफ उडवला. मुलीची सासू फोटो परत घेऊन आली आणि म्हणाली, "फोटो छान आहे. पण ही आमची सून नव्हे."

मालक रागावले नाहीत. त्यांनी त्या नवरीच्या दोन निगेटिव्ह दिव्यावर शेजारी शेजारी धरल्या. "बघ. दोन्हीत आहे तो तीळ. एकातच आहे ती धूळ. एवढं कळलं की या धंद्यात तुझं आयुष्य निघेल."

आयुष्य निघालंच असतं. पण लोकांच्या खिशात फोन आला, फोनात कॅमेरा आला, आणि मुरमं घालवायला माणूस लागेनासा झाला. स्टुडिओच्या जागी चष्म्यांचं दुकान झालं. पुसणीसांनी पहिला चष्मा तिथूनच घेतला, आणि काउंटरच्या मागे आपली खोली होती तिकडे बघायचं मात्र टाळलं.

संस्थेत मुलाखतीला त्यांच्यापुढे दुर्बिणीचा एक कच्चा फोटो ठेवला होता. समोर तीन शास्त्रज्ञ. "यात तुम्हाला काय दिसतं?" आधीच्या उमेदवारांनी अनंत, काळाचा प्रवाह, सृष्टीचं रहस्य वगैरे पाहिलं होतं. पुसणीस भिंग मागून घेऊन बराच वेळ वाकले आणि म्हणाले, "केर." नोकरी लागली.

आणि केर असतोच. दुर्बीण उन्हाकडे पाठ करून चंद्राच्याही पलीकडे थंडगार अंधारात बसलेली आहे, म्हणून ती स्वच्छ जागी आहे असं नाही. अवकाशातले भरकटलेले कण तिच्या डोळ्यात शिरतात आणि फोटोवर पांढरा ओरखडा ठेवून जातात. यंत्राचे काही बिंदू मुळातच तापट असतात, समोर काही नसताना पेटून उठतात. आलेला फोटो करडा असतो. रंग नावाची गोष्ट त्यात नसते. शिवाय दुर्बीण बघते तो प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसणाराच नव्हे, तांबड्याच्या पलीकडचा. तो वेगवेगळ्या फिल्टरमधून येतो. पुसणीस पहिल्या फिल्टरचा फोटो निळा करतात, मधला हिरवा, शेवटचा तांबडा. तिन्ही एकमेकांवर ठेवतात, आणि मग लोक ज्याला विश्वाचं सौंदर्य म्हणतात ते तयार होतं. एकदा शाळेच्या सहलीतल्या एका बाईंनी त्यांना विचारलं, "तिथे खरंच असं दिसतं का हो?" पुसणीस म्हणाले, "तिथे गेलात तर काहीच दिसणार नाही." तेव्हापासून पाहुण्यांशी बोलायला त्यांना मनाई आहे.

केर ओळखायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तिन्ही फिल्टरमध्ये, निदान दोहोंत जो ठिपका त्याच जागी आहे तो खरा. एकातच आहे तो केर. मालकांच्या दोन निगेटिव्हच्या जागी तीन फिल्टर आले, एवढाच फरक. पुसणीसांना हे इतकं उघड वाटलं की त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांचं काम इतकं नेटकं होतं की कुणी विचारलंही नाही.

घरी त्यांची बायको लाँड्रीचं दुकान चालवते. म्हणजे नवराबायको दोघंही डागांवर जगतात. तिचं म्हणणं, डागाचे दोन प्रकार: जाणारे आणि नवऱ्याच्या डोक्यात बसणारे. रविवारी पाहुणे येऊन गेले की ती दार लावता लावता विचारते, "अहो, मघाशी त्यांच्या खांद्यावरचं काय ओढत होता?"

"दोरा होता."

"शर्टाचाच होता. बाही उसवली त्यांची."

"लोंबत होता पण."

"त्यांचा होता ना? लोंबू दे की. घरातल्या कोपऱ्यात एवढा केर साठलाय तो दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावरचा दोरा दिसतो."

पुसणीस यावर उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. ते सरळच असतं. बसून राहणं त्यांना जमत नाही. जेवताना ते मीठ आणायला उठतात आणि मीठ पानात असतं. झोपेत चादरीवरचं काहीतरी झटकतात. "कुणाची वाट बघता हो एवढी?" असं बायकोने एकदा विचारलं होतं. त्यांना उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर पाय थांबला असता.

तर मोठ्या दालनातल्या फोटोचं काम त्यांच्याकडे आलं. संस्थेचं दालन नव्याने बांधलं होतं आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर, मजल्याच्या उंचीचा, आकाशाच्या एका तुकड्याचा फोटो लावायचा होता. तुकडा असा की साध्या डोळ्यांनी तिथे ठार अंधार. दुर्बिणीने मात्र त्या अंधाराकडे बराच काळ टक लावली होती, आणि बघावं तिथे आकाशगंगा निघाल्या होत्या: चपट्या, तिरक्या, गोल, एकमेकींच्या पदराआड लपलेल्या. विभागाचे साहेब म्हणाले, "भिंत एवढी मोठी आहे की एक डाग राहिला तर ताटाएवढा दिसेल. तेव्हा निर्दोष पाहिजे." पुसणीसांना 'निर्दोष' हे वेगळं सांगायची गरज नव्हती. उन्हाळाभर त्यांनी त्या अंधाराचा कोपरान् कोपरा भिंगाखाली घातला. फोटो छापून आला, चढला, त्यावर निळा पडदा पडला. उद्घाटन संध्याकाळी होतं, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरची संशोधक मुलगी त्यांच्या खोलीत आली.

ही मुलगी पुसणीसांच्या लेकीच्या वयाची. ती त्यांना काका म्हणते आणि ते तिला मॅडम म्हणतात. मॅडम म्हणू नका हे ती सांगून थकली. आज तिने इस्त्रीचे कपडे घातले होते आणि तिला काही केल्या हसू आवरत नव्हतं.

"काका, तुम्हाला आधी सांगते. संध्याकाळी जाहीर होणार आहे. तुमच्या फोटोतली सर्वांत लांबची गोष्ट सापडली. म्हणजे मला सापडली. तपासून झालं, सगळ्यांनी मान्य केलं."

"अभिनंदन, मॅडम."

"साहेब पडदा ओढणार, मग बरोबर त्या ठिपक्यावर दिवा पडणार आणि मी दोन मिनिटं बोलणार. माझे आईबाबा आलेत गावाहून. बाबा म्हणाले, तू नेमकं करतेस काय ते एकदा डोळ्यांनी दाखव. आता दाखवते." तिने हातातला कागद त्यांच्या टेबलावर पसरला. त्यावर आकडे होते आणि मधोमध एक काळापांढरा चौकोन. "या दोन तिरक्या आहेत ना, त्यांच्यामध्ये. डाव्या कडेजवळ."

पुसणीसांनी बघितलं. दोन तिरक्या आकाशगंगा, पाठीला पाठ लावून रुसल्यासारख्या. त्यांची नीट ओळख होती. त्यांच्यामधल्या ठिपक्याचीही होती. तांबड्या फिल्टरमध्ये होता, हिरव्यात नव्हता, निळ्यात नव्हता. जेवण करून आल्यावर पहिला तोच घेतला होता.

"छान आहे," ते म्हणाले.

"फोटोत कसा दिसतो हो? मी कधी बघितलाच नाही, आम्ही आकड्यांवरच काम करतो. केवढा आलाय?"

"तांदळाच्या दाण्याएवढा आला असता," पुसणीस म्हणाले. ती वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत नव्हती. कागद गुंडाळून निघून गेली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने कप खाली ठेवला आणि चमकून पुसणीसांकडे बघितलं. टेबल हलत नव्हतं.

ते उठले. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पाण्याच्या पिंपापाशी गेले, पेला भरला, तसाच ठेवला. मग खोलीत येऊन त्यांनी मूळ फोटो उघडला, अजून हात न लागलेला, करडा, केराने भरलेला. दोन तिरक्यांच्या मध्ये तो होता. शेजारी आपला, स्वच्छ केलेला, उघडला. तिथे मखमलीसारखा काळोख होता. इतका सफाईदार की हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर पुसणीसांनी त्याचं कौतुक केलं असतं.

तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. मध्ये कशावर आपटला नाही, कशात अडकला नाही. जवळजवळ सगळं विश्व ओलांडून बरोबर आरशावर येऊन पडला, आणि मग एका माणसाने जेवून आल्यावर ढेकर देत तो काढून टाकला.

त्यांनी दुकानात फोन लावला.

"अगं, ऐक. मी एक आकाशगंगा पुसली."

"केवढी?"

"दिसायला बारीक. असेल मोठी."

"मूळ शाबूत आहे ना?"

"मूळ आहे. भिंतीवरची गेली. आणि संध्याकाळी तीच दाखवायची आहे. त्या मुलीचे आईवडील आलेत."

तिकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. "मग गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. डाग काढताना कापडावरचं फूलही गेलं, असं तोंडावर सांगायचं. घडी घालून, पिशवीत भरून हातात दिल्यावर कळलं की भांडण होतं."

"सांगितल्यावर ती काय म्हणेल?"

"तिला विचारा. मला काय विचारता? ठेवा, माणूस उभा आहे."

पुसणीस दालनात आले तेव्हा पडद्याची डावी बाजू वर गुंडाळलेली होती आणि वायरमन शिडीवर चढून छताचा दिवा फिरवत होता. दिव्याचा गोल उजेड दोन तिरक्यांच्या मध्ये पडला होता. त्यात काही नव्हतं.

"मास्तर, बरं झालं आलात," वायरमन वरूनच म्हणाला. "मॅडमनी फुटपट्टी लावून जागा दाखवली आणि बाकीचे दिवे बघायला गेल्या. पण इथं तर नावालासुद्धा काही नाही. जरा इकडे तिकडे करू का? ऐन वेळी उजेड रिकाम्या जागी पडला की वायरमनच चुकतो. आकाश चुकलं असं कुणी म्हणत नाही."

"जागा बरोबर आहे," पुसणीस म्हणाले.

मुलगी दालनाच्या टोकाकडून येतच होती. तिने दुरून फोटो बघितला, जवळ येऊन बघितला, मग फुटपट्टी काढली.

"मॅडम, तो तिथे नाही."

"कोण?"

"तुमचा ठिपका."

तिने पुन्हा बघितलं. "छपाईत गेला का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. छापखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. सगळेच सगळं छापखान्यावर ढकलतात आणि छापखान्यालाही त्याची सवय असते. पुसणीसांची जीभ तिथपर्यंत गेलीही.

"नाही," ते म्हणाले. "मी पुसला."

मुलगी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. वायरमन वर असल्यामुळे त्याला आता उतरता येईना, आणि तो तसा प्रयत्नही करत नव्हता.

"का पण?"

"एकाच फिल्टरमध्ये होता. एकातच असतो तो केर."

तिचा आवाज चढेल असं पुसणीसांना वाटलं होतं. तो उलट खाली आला. "काका, एकाच फिल्टरमध्ये होता म्हणून तर मी वर्षभर त्याच्या मागे आहे. विश्व पसरत गेलं तसा त्याचा प्रकाश वाटेत ताणला गेला. निळ्यातून गेला, हिरव्यातून गेला, आणि येता येता शेवटच्या तांबड्यातच उरला. लांबच्यांचं असंच असतं. ज्या आणखी लांब, त्या आणखी तांबड्या."

"म्हणजे जी जास्त लांब, ती जास्त केरासारखी दिसणार."

"हो."

"मग मी लांबच्याच पुसत आलो," पुसणीस म्हणाले. "इतकी वर्षं."

वायरमनने घसा साफ केला. "एक बोलू का? हा शेजारचा घ्या की. चांगला भरलेला आहे, लांबून उठूनही दिसेल. कुणाला काय कळतंय?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाली.

बाहेर मोटारींची दारं लागल्याचे आवाज येऊ लागले होते. पुसणीसांची नजर दालनभर फिरत होती. ती तशीही कुठे टिकत नसे. लहान मुलांसाठी कोपऱ्यात एक बुटकं टेबल मांडलेलं होतं. त्यावर पाटी होती, 'चला, ग्रह रंगवू या', आणि पोस्टर कलरच्या बाटल्या.

"मॅडम, तुम्ही जागा सांगा. मी लावतो."

"काय लावता?"

"ठिपका. ब्रश माझ्या खणात आहे."

"रंगवून?" ती उठून उभी राहिली. "मी हाताने काढलेल्या ठिपक्यावर उभं राहून भाषण करू? काका, हे विज्ञान आहे."

"यातला सगळाच रंग लावलेला आहे, मॅडम. मीच लावलाय. तुम्हाला सापडलेला ठिपका मूळ फोटोत आहे, तो कुणी पुसू शकत नाही. भिंतीवरचा फक्त माझ्याकडून गेला. तो मी परत ठेवतो, एवढंच."

तिने दाराकडे बघितलं, मग फोटोकडे, मग वर अडकलेल्या वायरमनकडे. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी सांगणार. हा हाताने लावलाय आणि का लावावा लागला, ते सगळ्यांसमोर सांगणार."

"माझं नाव घेऊन?"

"तुमच्या नावाशिवाय कसं सांगू?"

पुसणीसांनी क्षणभर विचार केला. साहेब समोर असणार, शेजारच्या टेबलावरची बाई असणार, आणि ज्या एका गोष्टीसाठी ही नोकरी लागली ती आपल्याला येत नाही, हे माइकवरून सांगितलं जाणार. "सांगा," ते म्हणाले आणि ब्रश आणायला निघाले.

तांबड्यात थोडा पांढरा आणि किंचित पिवळा मिसळून त्यांनी हवा तो रंग नखावर जुळवला. वायरमन उतरला, पुसणीस दोन पायऱ्या चढले. खाली मुलगी फुटपट्टी धरून आकडे सांगत होती, वायरमनने शिडी दोन्ही हातांनी आवळली होती, आणि तरी ती थरथरत होती, कारण पाय पुन्हा सुरू झाला होता.

"मास्तर, पाय."

"माहीत आहे."

"आकाशगंगा आहे म्हणे. जरा बेतानं."

ब्रशाचं टोक कागदाला लागलं आणि त्याच वेळी दारातून साहेबांचा खणखणीत आवाज आला, या, या, इकडून या. पुसणीसांनी हात उचलला. ठिपका झाला होता.

"थोडा डावीकडे गेला," मुलगी खालून म्हणाली.

"किती?"

"नखभर." ती मनात काहीतरी मांडत असावी. "काही हजार प्रकाशवर्षं."

"चालतंय," वायरमन म्हणाला आणि पुसणीस उतरताच शिडी घेऊन पसार झाला.

रंग ओला होता. पडदा तसाच सोडला असता तर सर्वांत लांबची आकाशगंगा निळ्या कापडाला चिकटून गेली असती. पुसणीस पडद्याच्या आत शिरले, ठिपक्यावर एक फुंकर मारली, आणि डोक्यावर दोन्ही हात धरून कापड फोटोपासून अलग ठेवत उभे राहिले. साहेबांचं भाषण सुरू झालं.

साहेब कमी बोलणाऱ्यांपैकी नव्हते. ते दालनाच्या फरशीबद्दल बोलले. दिव्यांबद्दल बोलले. मग म्हणाले, "आपल्यापुढे येणारी ही प्रतिमा म्हणजे निखळ सत्य आहे. यंत्राने पाहिलं, यंत्राने पाठवलं. मानवी हाताचा त्याला स्पर्श नाही." पडद्याआड मानवी हात भरून आले होते. पुसणीसांना आयुष्यात प्रथमच ठाम उभं राहायचं होतं, आणि पाय ऐकत नव्हता. त्यांनी डावा पाय उजव्यावर रोवून धरला. कपाळाच्या वर वीतभर अंतरावर तो ठिपका वाळत होता, आणि त्याच्या आजूबाजूला, आपण पुसलेल्या बाकीच्या जागा कुठे कुठे असतील हे ते शोधत होते. सफाई एवढी चांगली होती की एकही सापडेना. पडदा हलला. "हवा येते आहे," साहेब श्रोत्यांना म्हणाले आणि दोरी ओढली.

भिंतभर आकाश उघडं पडलं. डाव्या कडेला, उजेडाच्या गोलाच्या शेजारी, एक सडपातळ माणूस डोक्यावर हात धरून उभा होता आणि त्याच्या दातांत ब्रश होता. लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

मुलगी माइकपाशी आली. तिने ठिपका दाखवला, तो कुठला, केव्हाचा ते सांगितलं, आणि मग शब्द न गिळता म्हणाली, "भिंतीवरचा हा ठिपका थोड्या वेळापूर्वी या काकांनी ब्रशाने लावला आहे. मूळ फोटोत तो आहे. छापलेल्यात नव्हता, कारण त्यांनी तो केर म्हणून पुसला होता. सुरुवातीचे काही महिने मीही त्याला केरच समजत होते."

दालन हसलं. पुसणीस हसले नाहीत, मुलगीही हसली नाही, त्यामुळे लोक आणखी हसले. साहेबांनी माइक घेऊन आमच्या तरुण शास्त्रज्ञांना विनोदबुद्धीही आहे हे पाहून समाधान वाटतं, असं म्हटलं.

गर्दी पांगल्यावर मुलीची आई फोटोजवळ आली, चष्मा कपाळावर सारून चवड्यांवर उभी राहिली. "हाच का गं?"

"हाच. जवळपास."

"एवढासाच?"

"जवळ गेलं की मोठा आहे, आई."

"ते काय, सगळंच असतं," आई म्हणाली. वडिलांनी ठिपक्याला बोट लावायला हात वर केला, आणि पुसणीसांनी त्यांचं मनगट धरलं. "ओला आहे अजून," ते म्हणाले. त्या संध्याकाळच्या पाहुण्यांत पुसणीसांवर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस. वडिलांनी हात मागे घेतला आणि विचारलं, "तुम्हीच पुसला होता?"

"हो."

"मग बरं झालं सांगितलंत. पोरगी आता निवांत झोपेल."

पोरगी झोपली असेल. पुसणीस दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, तो विनोद नव्हता. मी खरंच पुसला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लेखी आहे का कुठे?"

"नाही."

"मग राहू द्या."

"मला जुने फोटो परत उघडायचे आहेत. जेवढे मी साफ केले तेवढे सगळे."

साहेबांनी पेन परत उचललं आणि 'पूर्वप्रकाशित प्रतिमांचे पुनरवलोकन' या मथळ्याखाली परवानगी दिली. तेव्हापासून पुसणीस जुना एकेक फोटो काढतात, पुसलेला प्रत्येक ठिपका परत आणतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. काही केर निघतात. काहींचं कळत नाही. ते घेऊन ते वरच्या मजल्यावर जातात. मुलगी डोकं वाकवून बघते, आकडे काढते आणि पुष्कळदा म्हणते, "माहीत नाही, काका." स्टुडिओत असं उत्तर नव्हतं, तिथे तीळ होता किंवा धूळ होती. घरी परतताना हे 'माहीत नाही' त्यांच्या बरोबर येतं, जेवताना त्यांना मीठ आणायला उठवतं. बायको म्हणते, आधी पुसायला धावत होतात, आता ठेवायला धावता. धावणं काही सुटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते दालनात एक चक्कर मारतात. ठिपका नखभर उजवीकडे सरकवावा असं त्यांना रोज वाटतं. मुलीने हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

फोटोखाली आता पितळी पाटी बसली आहे. 'प्रस्तुत प्रतिमा सर्वस्वी दुर्बिणीकडून प्राप्त माहितीवर आधारित असून तीत कोणतीही हस्तकृत भर घालण्यात आलेली नाही,' असं तीवर कोरलेलं आहे. ठिपका पोस्टर कलरचा आहे.